शफी इनामदार : दापोलीच्या पांगरीतून घराघरात पोहोचलेला चरित्र अभिनेता

शफी इनामदार (२३ ऑक्टोबर १९४५ – १३ मार्च १९९६) हे रंगभूमी, हिंदी चित्रपट आणि दूरदर्शन या तिन्ही ठिकाणी नाव कमावलेले कोकणी मुस्लिम अभिनेते आणि दिग्दर्शक. 'अर्धसत्य' चित्रपटातले इन्स्पेक्टर हैदर अली आणि 'ये जो है ज़िंदगी' मालिकेतले रणजीत वर्मा या त्यांच्या दोन भूमिका सर्वांत जास्त गाजल्या. नायक म्हणून त्यांचं नाव पोस्टरवर मोठ्या अक्षरांत क्वचितच आलं. तरीही १९८०च्या दशकात ज्यांच्या घरी टीव्ही होता किंवा जे शेजाऱ्याकडे जाऊन टीव्ही बघायचे, त्या पिढीला त्यांचा चेहरा आजही लगेच आठवतो.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्रभर झाडीपट्टीची नाटकं चालतात. मोहल्ल्यातली पोरंही ती बघायला जातात, काही जण काम करायचं म्हणतात. "नट होऊन काय मिळणार?" हा प्रश्न मग घरात निघतोच. शफी इनामदार यांचं आयुष्य नीट वाचलं तर या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्यात सापडतं. म्हणून ही माहिती जरा सविस्तर देत आहोत.

थोडक्यात

पूर्ण नाव : शफी इनामदार
जन्म : २३ ऑक्टोबर १९४५, पांगरी, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी
शिक्षण : विज्ञान शाखेची पदवी, के. सी. कॉलेज, चर्चगेट, मुंबई
क्षेत्र : नाटक, चित्रपट, दूरचित्रवाणी, अभिनय आणि दिग्दर्शन
भाषा : हिंदी, उर्दू, मराठी, गुजराती, इंग्रजी
पहिला चित्रपट : 'विजेता' (१९८२)
दिग्दर्शित चित्रपट : 'हम दोनों' (१९९५)
पत्नी : ज्येष्ठ अभिनेत्री भक्ती बर्वे
इंतेकाल : १३ मार्च १९९६, वयाच्या ५०व्या वर्षी

जन्म आणि शिक्षण

दापोली तालुका म्हणजे साने गुरुजींच्या पालगडचा आणि महर्षी कर्व्यांच्या मुरूडचा तालुका. इथे कोकणी मुस्लिमांची वस्ती पूर्वीपासून आहे. घरात कोकणी बोली, बाजारात मराठी आणि मदरशात उर्दू, असं तीन जिभांचं वळण इथल्या मुलांना लहानपणीच लागतं. इनामदार हे आडनावही असंच, हिंदूंमध्येही आहे आणि मुस्लिमांमध्येही. नुसत्या आडनावावरून माणसाचा धर्म सांगता येत नाही, अशी महाराष्ट्रात कितीतरी आडनावं आहेत, त्यातलं हे एक.

कोकणातली माणसं पोटापाण्यासाठी मुंबईला जात, तसं शफी यांचं बालपण आणि शिक्षणही मुंबईत झालं. डोंगरी-उमरखाडी भागात ते वाढले. शाळेत असल्यापासून नाटक आणि वक्तृत्व स्पर्धांची आवड होती. पण आवड लागली म्हणून शिक्षण सोडलं, असं झालं नाही. चर्चगेटच्या के. सी. कॉलेजातून त्यांनी विज्ञानाची पदवी घेतली आणि त्यानंतरच ते पूर्णपणे नाटकाकडे वळले. आई-वडिलांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

रंगभूमी : पडद्याआधीची वर्षं

शफी इनामदार यांची खरी जडणघडण रंगभूमीवर झाली, आणि तीही एका भाषेच्या नव्हे. मुंबईत तेव्हा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशी चार नाटकं शेजारी शेजारी चालत होती. बहुतेक नट आपापल्या भाषेच्या नाटकात रमत. शफी मात्र चारही ठिकाणी जात राहिले. १९७०च्या दशकात त्यांनी हिंदी, मराठी, गुजराती आणि इंग्रजीत अनेक एकांकिका बसवल्या. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, हौशी मंडळं, छोटे हॉल असा तो काळ होता. पैसा जवळजवळ नाही, पण हात मात्र रोज चालू.

गुजराती रंगभूमीचे नामवंत दिग्दर्शक प्रवीण जोशी यांचं मार्गदर्शन त्यांना मिळालं. प्रवीण जोशी म्हणजे गुजराती व्यावसायिक नाटकाला नवं रूप देणारा माणूस. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वर आधारलेलं 'संतु रंगीली' हे त्यांचं गाजलेलं नाटक. त्याच शॉच्या नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी मराठीत 'ती फुलराणी' लिहिलं, आणि त्यातली फुलराणी होत्या भक्ती बर्वे, ज्या पुढे शफी यांच्या पत्नी झाल्या. मुंबईच्या रंगभूमीवर या भाषांची दारं एकमेकांना किती लागून होती, ते एवढ्यावरून कळतं.

इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन म्हणजे 'इप्टा'शीही शफी यांचा संबंध होता. १९४३ साली सुरू झालेल्या या चळवळीने उर्दू-हिंदीतले कितीतरी लेखक आणि नट घडवले. उर्दूतल्या नामवंत लेखिका इस्मत चुगताई यांच्या 'नीला कमरा'चं दिग्दर्शन शफी यांनी केलं. व्यावसायिक रंगभूमीवरचं हे त्यांचं पहिलं पूर्ण लांबीचं नाटक. १९७८ साली जुहूला शशी कपूर आणि जेनिफर कपूर यांनी पृथ्वी थिएटर सुरू केलं आणि हिंदी-उर्दू नाटकाला मुंबईत हक्काची जागा मिळाली. त्याचा फायदा शफी यांच्यासारख्या रंगकर्मींना झाला. १९८२ साली त्यांनी 'हम प्रॉडक्शन्स' ही स्वतःची नाट्यसंस्था काढली.

इथे एक हिशेब मांडून बघा. १९८२ साली त्यांचा पहिला चित्रपट आला तेव्हा त्यांचं वय होतं ३६-३७. म्हणजे पडद्यावर येण्याआधी दहा वर्षांहून जास्त काळ ते नाटकच करत होते. "एका रात्रीत स्टार" वगैरे प्रकार त्यांच्या बाबतीत अजिबात नव्हता.

चित्रपट : 'विजेता' आणि 'अर्धसत्य'

गोविंद निहलानी दिग्दर्शित 'विजेता' (१९८२) हा त्यांचा पहिला चित्रपट. भारतीय हवाई दलाची पार्श्वभूमी असलेला हा चित्रपट शशी कपूर यांनी निर्माण केला होता. पण लोकांच्या नजरेत ते आले पुढच्याच वर्षी, निहलानींच्याच 'अर्धसत्य'मधून (१९८३).

'अर्धसत्य'चं मूळ मराठी आहे. श्री. दा. पानवलकर यांच्या 'सूर्य' या कथेवरून विजय तेंडुलकर यांनी पटकथा लिहिली. ओम पुरी यांनी सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर उभा केला, सदाशिव अमरापूरकर यांनी रामा शेट्टी. या दोघांच्या मध्ये उभे असतात शफी इनामदार, इन्स्पेक्टर हैदर अली म्हणून.

ही भूमिका आजही मुद्दाम बघण्यासारखी आहे. हैदर अली हा वेलणकरचा वरिष्ठ. वेलणकरला वाटतं की कायदा हातात आहे म्हणजे न्याय करता येईल. हैदर अलीला माहीत आहे की तसं होत नाही. तो वेलणकरला समजावतो, सांभाळतो आणि निलंबनाची पाळी येते तेव्हा दिल्लीपर्यंत ओळखी असलेल्या एका मध्यस्थाकरवी त्याला वाचवतो. तो वाईट माणूस नाही आणि संतही नाही. नोकरी टिकवून जगायला शिकलेला, थकलेला, पण कनिष्ठाबद्दल माया असलेला पोलीस अधिकारी आहे. शफी यांनी हे सगळं आवाज न चढवता दाखवलं. खुर्चीत बसणं, मधेच थांबून बोलणं, नजर दुसरीकडे वळवणं, एवढ्यातच माणूस दिसतो.

आणखी एक गोष्ट. हिंदी चित्रपटात मुस्लिम पात्र म्हटलं की तेव्हा बहुधा ठरलेले साचे असत. शेरवानीतला नवाब, कव्वाल, जिवाला जीव देणारा पठाण मित्र, नाहीतर तस्कर. हैदर अली यातला कुठलाच नाही. त्याचं मुसलमान असणं चित्रपटात 'मुद्दा' बनत नाही. तो मुंबई पोलिसांतला एक अधिकारी आहे, बस्स. आपल्या घरातल्या, नात्यातल्या सरकारी नोकरीतल्या माणसासारखा. पडद्यावर असा साधा, नोकरदार, गुंतागुंतीचा मुस्लिम माणूस दिसणं तेव्हाही दुर्मीळ होतं आणि आजही फारसं सोपं झालेलं नाही.

पुढच्या वर्षी आलेल्या 'आज की आवाज़'मध्येही (१९८४) त्यांचं काम लोकांना आवडलं. यानंतर त्यांना पोलीस अधिकारी, वकील, डॉक्टर, मोठा भाऊ, नायकाचा मित्र अशा भूमिका येत गेल्या. राजेश खन्ना यांच्यासोबत 'अमृत' (१९८६) आणि 'नज़राना' (१९८७), शिवाय 'कुदरत का कानून' (१९८७), महेश भट्ट यांचा 'जुर्म' (१९९०) असे बरेच चित्रपट त्यांनी केले. यातले काही चित्रपट चांगले होते, काही साधारण. चरित्र अभिनेत्याला निवड करायची मुभा कमीच असते. पण दोन-तीन प्रसंगांची भूमिका असली तरी ते ती तयारीने करत.

चरित्र अभिनेता म्हणजे नक्की कोण?

नव्या पिढीतल्या वाचकांसाठी हे थोडं सांगायला हवं. चित्रपटाची गोष्ट ज्याच्याभोवती फिरते तो नायक. पण त्या गोष्टीवर विश्वास बसतो तो आजूबाजूच्या माणसांमुळे. बाप, शेजारी, हवालदार, मास्तर, वकील ही माणसं खरी वाटली नाहीत तर नायकही खोटा वाटतो. ही माणसं उभी करणारा तो चरित्र अभिनेता. त्याला पाच मिनिटांत एक आख्खं आयुष्य दाखवायचं असतं. त्याच्या नावावर तिकिटं खपत नाहीत, पण त्याच्या नसण्याने चित्रपट पडू शकतो.

गोंदियाकरांना जवळचं उदाहरण द्यायचं तर शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातून आलेले मुश्ताक खान. 'हम हैं राही प्यार के' (१९९३) पासून अनेक चित्रपटांत ते दिसले आणि 'वेलकम'मधला (२००७) नकली पायाचा हॉकी खेळाडू तर पोरांना तोंडपाठ आहे. नाव चटकन आठवणार नाही, पण चेहरा दिसला की हसू येतं. चरित्र अभिनेत्याची कमाई ती हीच.

'ये जो है ज़िंदगी' : शुक्रवारची रात्र

१९८४ साली दूरदर्शनची प्रक्षेपण केंद्रं देशभर झपाट्याने वाढत होती आणि छोट्या शहरांतही टीव्ही पोहोचत होता. एका घरात टीव्ही आणि बघायला आख्खी गल्ली, असे ते दिवस. त्याच वर्षी 'ये जो है ज़िंदगी' सुरू झाली. लेखन व्यंगकार शरद जोशी यांचं आणि दिग्दर्शकांमध्ये कुंदन शाह. शीर्षकगीत किशोर कुमार यांच्या आवाजात. शुक्रवारी रात्री मालिका लागली की रस्त्यावर वर्दळ कमी व्हायची, असं त्या वेळचे लोक सांगतात.

मालिकेतलं कुटुंब छोटं होतं. नवरा रणजीत वर्मा म्हणजे शफी इनामदार, बायको रेणू म्हणजे स्वरूप संपत, आणि घरात ठाण मांडून बसलेला रेणूचा भाऊ राजा म्हणजे राकेश बेदी. सतीश शाह दर भागात वेगळ्याच माणसाच्या रूपात येत. फरीदा जलाल, टिकू तलसानिया हेही होते. पगार, बॉस, पाहुणे, मेहुणा, नवरा-बायकोची कुरबुर असे साधेच विषय. कुणाची टिंगल न करता, कुणाला कमी न लेखता हसवणारी ही मालिका होती. अब्बा, अम्मी, दादी आणि पोरं, सगळ्यांना एकत्र बसून बघता येत होती.

यात शफी यांचं काम सर्वांत अवघड होतं, हे आज पुन्हा बघताना समजतं. बाकीचे विनोद करतात, आणि रणजीतला ते झेलायचे असतात. त्याने वैतागायचं, पण इतकं नाही की प्रेक्षकाला राग यावा. विनोदात समोरच्याला जागा देणारा माणूस पक्का नसेल तर सगळं कोसळतं. शफी तो पक्का खांब होते. एक मुस्लिम नट 'वर्मा' आडनावाचा नवरा बनून दर आठवड्याला देशभरातल्या दिवाणखान्यात येत होता आणि लोकांना त्यात काही वेगळं वाटलं नाही. त्यांना तो आपल्यासारखाच पगारदार माणूस वाटला.

एक योगायोगही सांगण्यासारखा आहे. आदल्याच वर्षी, १९८३ मध्ये, कुंदन शाह यांच्या 'जाने भी दो यारों' चित्रपटात भक्ती बर्वे यांनी संपादिका शोभा सेनची भूमिका केली होती. एकाच दिग्दर्शकाच्या हाताखाली पत्नीची चित्रपटातली आणि पतीची मालिकेतली सर्वांत लक्षात राहिलेली कामं पाठोपाठ झाली.

यानंतर 'गलती किसकी', 'आधा सच आधा झूठ', 'तेरी भी चुप मेरी भी चुप' अशा मालिका शफी यांनी केल्या. १९८८ साली गुलज़ार यांच्या 'मिर्ज़ा ग़ालिब'मध्ये ते शायर इब्राहीम ज़ौक़ झाले. ग़ालिब होते नसीरुद्दीन शाह. ज़ौक़ हे बादशाह बहादुरशाह ज़फर यांचे उस्ताद आणि ग़ालिबचे दरबारातले प्रतिस्पर्धी. ही भूमिका सहज खलनायकाची झाली असती. पण शफी यांनी ज़ौक़ची शान राखली. उर्दूचा शुद्ध उच्चार आणि दरबारी अदब त्यांच्याकडे होताच. चार वर्षांपूर्वी मुंबईच्या फ्लॅटमध्ये मेहुण्यावर वैतागणारा रणजीत हाच माणूस होता, हे पटकन खरं वाटत नाही.

दिग्दर्शक : 'हम दोनों'

नाटकात दिग्दर्शन आधीपासून होतंच. चित्रपटाचं दिग्दर्शन मात्र त्यांना उशिरा करायला मिळालं. १९९५ मध्ये 'हम दोनों' आला. ऋषी कपूर, नाना पाटेकर आणि पूजा भट्ट प्रमुख भूमिकांत होते. स्वभावाने दोन टोकं असलेल्या सावत्र भावांची ही गोष्ट. ऋषी कपूर आणि नाना पाटेकर यांची जोडी ही त्यातली मजा होती. देव आनंद यांच्या १९६१च्या जुन्या 'हम दोनों'शी याचा संबंध नाही, फक्त नाव सारखं आहे.

दिग्दर्शक म्हणून नवी सुरुवात झाली होती. पण पुढचा चित्रपट करायला वेळ मिळाला नाही.

भक्ती बर्वे

शफी इनामदार यांचा विवाह मराठी रंगभूमीवरच्या आघाडीच्या अभिनेत्री भक्ती बर्वे यांच्याशी झाला. भक्ती बर्वे यांचा जन्म १९४८ साली सांगलीचा. 'ती फुलराणी'मधली मंजुळा ही त्यांची अजरामर भूमिका. 'आई रिटायर होतेय' हे नाटकही खूप चाललं. मुंबई दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात त्यांनी बातम्याही वाचल्या. १९९० मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

दोघांचे धर्म वेगळे, रंगभूमीही काहीशी वेगळी. लग्नानंतर भक्ती मराठी नाटक करत राहिल्या, शफी हिंदी-उर्दू आणि पडद्यावर काम करत राहिले. शफी यांच्या जाण्यानंतर पाच वर्षांनी, १२ फेब्रुवारी २००१ रोजी, वाईचा कार्यक्रम करून परतताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर झालेल्या अपघातात भक्ती बर्वे यांचंही निधन झालं.

इंतेकाल

१३ मार्च १९९६. क्रिकेट विश्वचषकाचा उपांत्य सामना, भारत विरुद्ध श्रीलंका, कोलकात्याचं ईडन गार्डन. भारताचा डाव कोसळला, प्रेक्षकांनी गोंधळ घातला आणि सामना श्रीलंकेला बहाल करण्यात आला. ती रात्र अनेकांना आठवते. त्याच दिवशी, हा सामना टीव्हीवर बघत असताना, शफी इनामदार यांना हृदयविकाराचा तीव्र झटका आला आणि त्यांचा इंतेकाल झाला. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. वय होतं अवघं ५०.

१९८२ ते १९९६, म्हणजे पडद्यावर फक्त १४ वर्षं. तेवढ्यात केलेलं काम ३० वर्षांनंतरही लोक शोधून बघतात.

गोंदियातून पाहताना

आपल्या भागात नाटकाची कमी नाही. गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांत झाडीपट्टी रंगभूमी आजही तिकीट लावून चालते. दंडार, खडी गंमत या लोककलांतून ती वाढली. वडसा म्हणजे देसाईगंज हे तिचं मोठं केंद्र. धानाचं पीक हातात आलं की मंडई, आणि मंडई म्हटली की रात्रीचं नाटक. या रंगभूमीसाठी आयुष्य दिलेले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. म्हणजे शिकायची जागा दूर मुंबईतच आहे असं नाही. ती सायकलच्या अंतरावरही आहे.

मराठी मुस्लिमांचं या कलेतलं योगदानही नवं नाही. बार्शीचे शाहीर अमर शेख यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आपल्या आवाजाने सभा पेटवल्या आणि 'प्रपंच' (१९६१) सारख्या मराठी चित्रपटात कामही केलं. त्याच मातीतून शफी इनामदार आले. ही नावं आपल्या मुलांना शाळेच्या पुस्तकातून कळणार नाहीत. घरातल्या मोठ्यांनी सांगितली तरच कळतील.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. नट होऊन काय मिळणार? शफी इनामदार यांच्या आयुष्यातून तीन गोष्टी समोर येतात. पहिली, त्यांनी आधी पदवी घेतली. दुसरी, प्रसिद्धीची वाट न बघता दहा-बारा वर्षं छोट्या रंगमंचावर काम केलं. तिसरी, भाषांची लाज बाळगली नाही. उर्दू आपली, मराठीही आपली, आणि शेजाऱ्याची गुजरातीही शिकून घेतली. पैसा आणि नाव किती मिळेल हे कुणालाच सांगता येत नाही. पण घरातला मुलगा किंवा मुलगी नाटकाचं नाव काढत असेल तर एकदम "नको" म्हणण्याआधी त्याच्यासोबत बसून 'अर्धसत्य' बघा. तो मोठ्यांच्या समजेचा, जरा कडक चित्रपट आहे, म्हणून मूल जाणतं असेल तरच. लहानांसाठी 'ये जो है ज़िंदगी' आहे. मग विचारा, हैदर अलीने न बोलता काय सांगितलं? त्याला ते नेमकं सांगता आलं, तर पोराला या कामाची नजर आहे असं समजायला हरकत नाही.